मुखपृष्ठावरचा महिना

आमच्या गणित मंडळाच्या त्रैमासिकाचा जानेवारी ते मार्चचा अंक दिवाळीच्या चिवड्यासोबत घरी यायचा आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचं नाही. सभासद सगळे गणिताचे मास्तर आणि प्राध्यापक. उशीर दर वर्षी तेवढाच होतो ना, मग तो धरून चालायचं, अशी त्यांची समजूत. खाकी वेष्टनात गुंडाळलेला पातळसा अंक. पुढे दोन-तीन लेख, जे लिहिणारा आणि संपादक सोडून कोणी पुरते वाचत नसावं. मधे मंडळाची खबरबात, म्हणजे कोण निवृत्त झालं, कोणाला पीएच.डी. मिळाली, कोण वारलं. आणि शेवटी ते सदर, जिथून सगळे सभासद अंक उघडत: तीन-चार गणितं, सोडवून पाहा म्हणून दिलेली. उत्तर पोस्टानं पाठवायचं. पुढच्या अंकांत एकेका गणिताचं सगळ्यात आटोपशीर उत्तर छापलं जाई आणि त्याच्याखाली, बारीक टायपात, बरोबर उत्तर पाठवणाऱ्या बाकीच्यांची नावं गावासकट येत.

त्या बारीक टायपात माझ्या वडिलांचं नाव मी अक्षरओळख झाल्यापासून पाहत आले. त्यांचं नाव, मधे आजोबांचं, मग आडनाव, आणि शेवटी आमचं गाव, आंजी (मोठी).

बाबा आंजीच्या शाळेत गणित शिकवत. घर शेतकऱ्याचं. काका शेती बघत आणि शाळा सुटल्यावर बाबाही वावरात जात, पण अंक आला की त्या आठवड्यात ते वावरात कामाचे नसत. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून काडीनं मातीत त्रिकोण काढत. मला ते शेजारी बसवून घेत. काका एकदा वैतागून म्हणाले, "पोरीले येवढं शिकवून काय करतं रे? हिसाब तं दुकानदार करूनच देते."

"तिले हिसाब नाई शिकवून राह्यलो. गणित शिकवून राह्यलो," बाबा म्हणाले.

काकांना यातला फरक कळला नाही. मलाही पुढे बरीच वर्षं कळला नव्हता, पण चेहरा कळल्यासारखा ठेवायची कला मला लहानपणापासून अवगत होती.

बाबांनी मला नागपूरला वसतिगृहात ठेवून एम.एस्सी. केलं. नंबर काढ, बक्षीस आण, असलं काही ते बोलले नाहीत. एकच गोष्ट त्यांनी मागितली. "त्या सदरात एकडाव तुहं नाव आलं पायजे. मधात माहं नाव असन. मंग मले दुसरं काई नको."

आणि मी काय केलं? काहीच नाही. ते सदर शाळामास्तरांसाठी असतं असं माझं मत झालं होतं. मी जाडजाड पुस्तकं छातीशी धरून वसतिगृहाच्या व्हरांड्यातून हिंडायची. मी तेव्हा एवढी मोठी गणिती होते, की सोपी गणितं मला येत नसत.

सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल. मार्गशीर्षात माझं लग्न झालं. नवरा वर्ध्याला कॉलेजात गणिताचाच प्राध्यापक, घर सिंदी मेघेला. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, आणि आता पहिलंही. जुन्या नावातलं एक अक्षर शिल्लक राहिलं नाही. आणि आमची विदुषी त्या क्षणी काय पाहत होती? शालूच्या निऱ्या सारख्या पडल्यात की नाही ते.

नव्या नवरीनं साड्यांच्या पेटीत लॉगॅरिथमच्या कोष्टकांचं पुस्तक आणलं होतं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी पोळी गोल नाही म्हणून हटकलं. मी त्यांना समजावून सांगितलं, की वर्तुळ ही एक कल्पना आहे, प्रत्यक्षात ते कुठंच सापडत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कल्पना तू आपल्या ताटात वाढून घे. माह्या पोराले पोळी दे."

लग्नानंतर महिन्याभरातच मंडळाचे जुने संपादक थकले म्हणून काम यांच्याकडे आलं. काम म्हणजे एक पत्र्याची पेटी. तिच्यात छापायचे लेख, सभासदांची उत्तरं आणि वाढत वाढत वर्षाचा झालेला उशीर. पेटीसोबत दोन नियमही आले. पहिला, संपादकानं आणि त्याच्या घरातल्या कोणी त्या सदरात भाग घ्यायचा नाही. दुसरा नियम जरा विलक्षण होता. मुखपृष्ठावर जो महिना, आतलं जगही त्याच महिन्याचं. जूनचा अंक पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात छापून निघाला, तरी त्यात जूनपर्यंतचंच खरं. जुलैत कोणाची बदली झाली असेल, तर जूनच्या अंकात तो जुन्याच गावी. ऑगस्टमध्ये कोणी वारलं असेल, तर जूनच्या अंकात ते हयात. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण उशीर झाला म्हणून मुखपृष्ठ खोटं ठरवायचं नाही, हा त्या मंडळींचा स्वाभिमान होता.

त्या थंडीत तांदूळ निवडता निवडता मी सदरातलं एक गणित सोडवलं. एका त्रिकोणात असा बिंदू शोधायचा, की तिथून तिन्ही बाजूंवर टाकलेल्या लंबांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येईल. बाबांनी ते भूमितीनं सोडवून केव्हाच पाठवलं होतं. मी बीजगणितानं सोडवलं, चार-पाच ओळींत. इतकी फुगले की तांदळातले खडे तसेच राहिले आणि संध्याकाळी सगळ्यांच्या दाताखाली आले. उत्तर यांच्यापुढे ठेवलं. यांनी वाचलं, "छान आहे" म्हणाले, आणि पेटीच्या झाकणामागच्या कप्प्यात टाकलं. तो कप्पा न छापायच्या गोष्टींचा होता.

मला राग आला आणि दोन दिवसांत गेला. गणित सोडवता आलं हे मला पुरेसं होतं. ते पुरेसं नाही हे होळीच्या सुमाराला कळलं.

बाबांचं पोट तेव्हा दुखायला लागलं. आधी घरचे काढे झाले, मग वर्ध्याच्या दवाखान्यात तपासण्या. डॉक्टरांनी यांना बाहेर नेऊन सांगितलं, की आता घरी न्या, खावंसं वाटेल ते खाऊ द्या, यंदाची दिवाळी ते पाहतील असं मी म्हणणार नाही. आई आंजीला त्यांच्या उशाशी बसून होती. मी गेले, पाय चेपत विचारलं, "बाबा, काय आणू तुमच्यासाठी?" मला वाटलं, संत्र्याची बर्फी म्हणतील.

ते म्हणाले, "अंक कवा निघून राह्यला?"

"निघेल लवकरच."

"तुहं नाव येते का त्यात?"

मी त्यांचे पाय चेपत राहिले. त्यांनी डोळे मिटले. "घाई नाई म्हना," ते म्हणाले. त्यांना आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं, की घाई आहे.

सिंदी मेघेला परतल्यावर मी यांच्यामागे लागले. "नियम आहे," हे म्हणाले. मी रडले. अबोला धरला. भाजीत मीठ कमी घातलं. भाजीचं तर यांच्या लक्षातच आलं नाही. या माणसाला पाझर फोडायचा तर अश्रू चालणार नाहीत, हे कळायला शिकल्यासवरल्या बाईला आठवडा लागला. रविवारी दुपारी हे पेटी उघडून बसले होते तिथं मी जाऊन बसले.

"अहो, हा कोणत्या महिन्याचा अंक?"

"एप्रिल-जून."

"यंदाच्या?"

"मागच्या वर्षीचा. तुला माहीत आहे."

"मागच्या जूनमध्ये संपादक कोण होतं?"

"मी नव्हतो."

"आणि मी कोणाच्या घरातली होते?"

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हे उठून अंगणात गेले आणि निंबाखाली फेऱ्या मारत राहिले. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर, कोणी वारल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "तर्कात चूक सापडत नाही. तू मागच्या जूनची सभासदाची मुलगी आहेस. नाव आणि गाव त्या महिन्याचं छापावं लागेल."

"चालेल," मी म्हणाले.

"आणि त्याच न्यायानं माझंही उत्तर धरावं लागेल," हे म्हणाले. "मी जुन्या संपादकांकडे पाठवलं होतं."

पेटीतून ते काढलं. चुकलेलं होतं. यांनी बिंदू मध्यगासंपात धरला होता, म्हणजे कोपऱ्यांपासूनच्या अंतरांची गोष्ट बाजूंना लावली होती. जुन्या संपादकांनी त्यावर लाल पेन्सिलीनं नुसती एक आडवी रेघ मारली होती. यांनी ते घडी घालून परत ठेवलं. मी हसले नाही. अख्ख्या संसारात मी पाळलेला तो सगळ्यात मोठा संयम.

सासूबाईंना मात्र हे पटलं नाही. त्या आणि मी मिळून अंकाच्या वेष्टनांवर मंडळाच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या आधीच चिकटवून ठेवत होतो, मैद्याची खळ त्याच करायच्या. तेव्हा त्यांनी विषय काढला.

"तुह्या नवऱ्याच्या पुस्तकात तू माहेरचं नाव लावतं म्हणे? लोक म्हणतीन, सून नांदून नाई राह्यली."

"आई, तो मागच्या जूनचा अंक आहे."

"आता कोणता महिना चालू हाये?"

"एप्रिल."

"अन् पुस्तकात?"

"मागचा जून."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ओसरीवर बसलेल्या आपल्या मुलाकडे. "दोघंबी सारखेच हाये. देवानं जोडा बरा जमवला." थोडा वेळ खळीत बोट फिरवत राहिल्या. मग हळू विचारलं, "काऊन पायजे तुले हे? खरं सांग."

मी खरं सांगितलं.

"बापानं मांगलं?" त्या म्हणाल्या. "मंग छापा न लवकर. बोलत काय बसले?"

छापायला प्रेस रिकामा हवा. वर्ध्याच्या बाजारात एका बोळात आमचा अंक ज्या छोट्याशा छापखान्यात निघायचा, तिथं तेव्हा लग्नपत्रिकांचे ढीग लागले होते. हे दोनदा जाऊन, मालकासमोर बाकावर बसून, काहीही न मागता परत आले. मागणं यांच्या स्वभावात नव्हतं. मग मी गेले. मालक म्हणाला, "मॅडम, लगन मुहूर्तावर लागते. तुमचं गणित काय मुहूर्तावर हाये?"

मी त्याला मंडळाची परंपरा, त्रैमासिकाचं महत्त्व वगैरे सांगितलं. वसतिगृहाच्या व्हरांड्यातली मी अजून पुरती मेले नव्हते. तो ऐकता ऐकता पत्रिका मोजत राहिला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "चाल, मी येतो." छापखान्यात शिरून त्या सरळ त्याच्या खुर्चीवर बसल्या. "वळखलं काय रे? ह्याच पोरीची पत्रिका तू छापली होती. त्याच्यात माह्या मालकाचं नाव खाल्लं होतं. मी भांडली होती का?"

"नाई माय."

"मंग? इचा बाप आजारी हाये. त्याले पुस्तक पायजे."

त्यानं मान हलवली, आणि त्या आठवड्यात खिळे जुळवणारा जुळारी आमच्या पानांना लागला. मी परंपरा सांगत बसले होते. त्यांनी दोन वाक्यांत काम केलं.

शेवटच्या पानाचं प्रूफ हाती आलं तशी मी एसटीनं आंजीला गेले. बाबा उशीला टेकून बसले होते. एवढेसे झाले होते. भिंग घेऊन त्यांनी पान चेहऱ्याजवळ धरलं. आटोपशीर म्हणून जे उत्तर छापलं होतं ते कारंजा (घाडगे) इथल्या एका मास्तरांचं होतं. माझ्याच रीतीनं, पण माझ्याहून एक ओळ कमी. माझ्या चार-पाच ओळींची मला केवढी घमेंड! बाबांनी माझं नाव शोधलं नाही. ते वरून वाचत आले.

"दोन कुठी गेला?"

"काय, बाबा?"

"हे पाय. बाजू गुणिले लंब, तिन्हीची बेरीज, क्षेत्रफळाच्या दुप्पट होते. ह्यानं दुप्पट नाई लावली. दोनाचा टाईप पडला असन."

आईनं पेन्सिल दिली. त्यांनी समासात दोन लिहिला. मग खाली बारीक टायपात आले. त्यांचं नाव आणि माझं नाव लागोपाठ होतं, आडनाव एक म्हणून. भिंग तिथंच राहिलं.

"तू तं आता सिंदी मेघेले राह्यतं," ते म्हणाले. "नाव बी आता हे नाई. हे खोटं नाई का?"

मी त्यांना नियम सांगितला. मुखपृष्ठावरचा महिना, आतलं जग. ते इतकी वर्षं सभासद होते, त्यांना तो ठाऊकच होता, पण माझ्यावर लावून त्यांनी तो पाहिला नव्हता. त्यांनी मनातल्या मनात सगळं तपासलं. तपासताना त्यांचे ओठ नेहमी जसे हलायचे तसे हलले.

"बरोबर हाये," ते म्हणाले. मग भिंग खाली ठेवून, "म्हणजे ह्या अंकात मी बी बरा आहो. मागच्या जूनात मी सायकलनं वर्ध्याले येत होतो."

आई उठून आत गेली.

"अंक निघाला की मीच घेऊन येईन," मी घाईघाईनं म्हणाले. "पहिली प्रत तुम्हाला."

"नाई. पोस्टानं येऊ दे."

"बाबा, पोस्टाला उशीर—"

"सभासद आहो मी," ते म्हणाले. "माह्या नंबरावर येते अंक. हातानं आणलेला अंक म्हणजे घरातला कागद. पोस्टानं येऊ दे."

अंक निघाला. आम्ही तिघांनी बसून वेष्टनं चिकटवली. आंजीचं वेष्टन मीच केलं, पत्ता मीच लिहिला, पण नेलं यांनीच, वर्ध्याच्या मोठ्या पोस्टात, सगळ्या गठ्ठ्यासोबत. त्यातली एक प्रत पिशवीत घालून आंजीची बस पकडावी असं मला दर घडीला वाटत होतं. बस मी पकडली, पण रिकाम्या हातानं. जाऊन बाबांजवळ बसले आणि पोस्टमनची वाट पाहायला लागले.

त्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो काकांच्या नावाचं कार्ड घेऊन. बाबा काही विचारत नव्हते. सायकलची घंटी वाजली की फक्त मान वळायची. माझ्या मनात सारखं येत होतं, की एका नियमानं त्यांचं मागणं पुरं केलं आणि दुसऱ्या हट्टानं ते आता हातचं जाणार. मी त्यांच्यावर चिडले होते. मरणाऱ्या माणसावर असं चिडता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी पोस्टमननं फाटकातूनच हाक दिली, "गुरुजी, पुस्तक आलं तुमचं!"

बाबांनी हात पुढे केला. मला नाही घेऊ दिलं. वेष्टन फाडलं नाही, नखानं खळ सोडवली, नेहमीसारखी. मुखपृष्ठ पाहिलं. दोन आपल्या जागी बसलेला आहे हे पाहिलं. मग अंक माझ्याकडे दिला. "वाच. खालचे नावं."

मी वाचायला लागले. अमरावती, यवतमाळ, नागपूरचे दोन. मग बाबांचं, आंजी (मोठी). मग माझं जुनं पहिलं नाव, मधे बाबांचं, आडनाव, आंजी (मोठी).

"पुन्ना. सावकाश."

मी पुन्हा वाचलं.

"काय म्हणते पुस्तक?" आईनं चुलीजवळून विचारलं.

"माहं नाव दोन खेपा आलं," बाबा म्हणाले.

पुढे जो कोणी भेटायला आला त्याला त्यांनी ते पान दाखवलं. काकांनीही पाहिलं. काकांना अक्षरं वाचता यायची, त्यांनी ती बोट ठेवून वाचली आणि बोट दुसऱ्या ओळीवर तसंच राहिलं. पोळ्याच्या आधी बाबा गेले.

पुढचे काही अंक बाबांचं नाव येतच राहिलं. हिवाळ्यात त्यांनी पाठवलेली उत्तरं पेटीत होती, ती त्या त्या अंकाची होती, आणि त्या महिन्यांत ते हयात होते. मी प्रूफं वाचायची. उशीर भरून काढायचा म्हणून हे दिवसरात्र राबत होते, सभासदांची वाहवा मिळत होती, आणि मी एकटी अशी होते जिला अंक वेळेवर यायला नको होता. प्रत्येक अंकानं मुखपृष्ठावरचा महिना त्या पोळ्याच्या जवळ सरकत होता. बोलले मात्र कोणाजवळ नाही. एम.एस्सी. झालेल्या बाईनं असलं काय बोलायचं?

शेवटी त्या पोळ्याचा अंक करायची वेळ आली. जुलै-सप्टेंबर. खबरबातीत बाबांबद्दल चार ओळी हव्या होत्या. "तूच लिही," हे म्हणाले. सदराचा नियम खबरबातीला लागू नव्हता. मी लिहिलं. शाळा, धुऱ्यावरचे त्रिकोण, किती वर्षं सभासद. मोठं काही नाही. खाली लिहिणाऱ्याचं नाव द्यायची रीत होती.

हे माझ्यापाठी उभे होते. "जुनं नाव घाल," म्हणाले. "मधे त्यांचं येईल. मी काही म्हणणार नाही."

हा माणूस नियम मोडायला स्वतःहून तयार झालेला मी तेव्हा एकदाच पाहिला. मी पेन धरून बसून राहिले. मोह झाला, फार झाला. पण त्या सप्टेंबरात मी सिंदी मेघेची होते. दुसरं लिहिलं असतं, तर बाबांनीच भिंग जवळ नेऊन विचारलं असतं, हे खोटं नाई का?

मी सासरचं नाव लिहिलं, पहिलं, मधलं आणि आडनाव. तिन्हींत बाबांचं काही नव्हतं. कागद यांच्या हातात दिला. यांनी तो वाचला, शाई वाळेपर्यंत धरून ठेवला, आणि छापायच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.